संगणकाची गती वाढवा, पण माप खरे ठेवा

लग्नसमारंभांच्या चित्रफिती तयार करणारे स्टुडिओ, पत्रिका व हस्तपत्रके करून देणारे डी.टी.पी. चालक, इमारतींचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन अशा अनेक लहान व्यावसायिकांचा संगणक हाच कारखाना असतो. यंत्र जुने झाले, काम वाढले आणि नवे यंत्र घेण्याइतकी रक्कम हाताशी नसली की आहे त्याच यंत्राकडून अधिक काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे एक उत्तर म्हणजे प्रोसेसरची गती कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपुढे नेणे. यालाच ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. तरुण मंडळींत याविषयी उत्साह फार आणि माहिती अपुरी असते. म्हणून हा विषय आम्ही आज व्यवसायाच्या दृष्टीने मांडत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीसच सांगून ठेवतो. गती वाढविणे हे पाच मिनिटांचे काम आहे. वाढविलेल्या गतीने यंत्र बरोबर काम करते की नाही, हे तपासण्यास मात्र दोन दिवस लागतात. पाच मिनिटांचे काम करून दोन दिवसांचे काम टाळणारा मनुष्य स्वतःचेच नव्हे तर गिऱ्हाइकाचेही नुकसान करतो. म्हणून या लेखात तपासणीवर अधिक भर दिला आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर ठोक्यांवर चालतो. मदरबोर्ड त्याला एक मूळ ठोका देतो. आजकाल तो बहुधा १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. या आकड्यास मल्टिप्लायर, म्हणजेच गुणक म्हणतात. गुणक ४३ असेल तर १०० गुणिले ४३, म्हणजे ४३०० मेगाहर्ट्झ, अर्थात ४.३ गिगाहर्ट्झ. गुणक ४८ केला की गती ४.८ गिगाहर्ट्झ होते.

मग कंपनीनेच तो ४८ का ठेवला नाही? याचे कारण आंब्याच्या व्यापाऱ्यास लगेच समजेल. एकाच बागेतील फळे सारखी नसतात, त्यांची प्रतवारी करावी लागते. प्रोसेसरचेही तसेच. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून निघालेले नग कमी-अधिक गुणाचे असतात. कंपनी प्रत्येक नग तपासून त्यावर असा आकडा लिहिते की, कडक उन्हाळ्यात, साध्या पंख्याखाली आणि काही वर्षे वापर झाल्यावरही तो तेवढी गती निश्चित देईल. खरी कुवत आणि लिहिलेला आकडा यांत जे अंतर राहते, ते सुरक्षेसाठी राखलेले असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा हेच राखीव अंतर खर्च करतो. ते किती आहे, हे आपल्या नगाची परीक्षा घेतल्याशिवाय कळत नाही.

या विद्येचा सुवर्णकाळ १९९८ साली आला. इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा गुणक ४.५ होता आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ. मदरबोर्डावर ठोका १०० केला की तोच प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि पुष्कळ नग तो भार सहज पेलत. त्याच गतीचा पेंटियम टू त्या वेळी कितीतरी महाग होता. परंतु त्याच दशकात दुसरा एक धंदाही चालला. काही लबाड व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरील अक्षरे घासून काढीत, त्यावर जास्त गतीचा आकडा छापीत आणि चढ्या भावाने विकीत. इंटेलने पुढे गुणक कुलूपबंद केले, त्यामागे ही लबाडी हेही एक कारण होते. आज इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' हे अक्षर असते त्यांचा गुणक मोकळा असतो आणि तो बदलण्यास सर्वसाधारणपणे झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. ए.एम.डी.च्या बहुतेक रायझेन प्रोसेसरचा गुणक मोकळाच असतो.

आधी हिशेब मांडा

आम्ही उदाहरणासाठी इंटेलचा कोअर आय५-९६००के हा २०१८ सालचा प्रोसेसर घेतो. तो जुन्या यंत्रांत पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि विंडोज ११ त्यावर रीतसर चालते. त्यात सहा कोअर आहेत. एकाच कोअरवर काम असताना तो ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, सहाही कोअर कामास लागले की ४.३ वर येतो. समजा, आपण सहाही कोअर ४.८ वर नेले. म्हणजे वाढ सुमारे १२ टक्के झाली. एका तासात तयार होणारी चित्रफीत आता सुमारे ५४ मिनिटांत तयार होईल. दिवसाला पाच तास असे काम असेल तर सुमारे अर्धा तास वाचेल, आणि पंचवीस दिवसांच्या महिन्यात तेरा तासांच्या आसपास.

तेरा तास ही लहान गोष्ट नाही. तथापि ते वाचले असे केव्हा म्हणायचे? यंत्र मोकळे होण्याची वाट पाहत माणूस बसून राहत असेल तेव्हाच. चित्रफीत रात्री लावून दुकान बंद करण्याची पद्धत असेल तर ती पहाटे चारला तयार झाली काय आणि साडेचारला तयार झाली काय, नफ्यात काडीचा फरक पडत नाही.

नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. तेथे ४.६ चे ४.८ झाले तर वाढ जेमतेम ४ टक्के. हिशेबाचे सॉफ्टवेअर, टायपिंग, इंटरनेट यांना तर या खटाटोपाचा काहीच उपयोग नाही. ज्या यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, त्याच्या मालकाने प्रथम एस.एस.डी. बसवावी. रॅम ८ जीबीच असेल तर ती १६ करावी. हे दोन्ही झाल्यावरही प्रोसेसरच अडवीत असेल तरच पुढे वाचावे. टास्क मॅनेजर उघडून काम चालू असताना पाहावे. सर्व कोअर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असतील तर अडचण प्रोसेसरची आहे असे समजावे.

उष्णतेचे गणित

गती वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही थोडे वाढवावे लागते, आणि खरा खर्च येथेच होतो. प्रोसेसर जी वीज खातो ती गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात व्होल्टेज १.२० वरून १.३० व्होल्टवर न्यावे लागले असे धरू. त्याचा वर्ग करता सुमारे १७ टक्के वाढ, त्यावर गतीची १२ टक्के वाढ. एकूण वीज आणि उष्णता सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. म्हणजे १२ टक्के कामासाठी ३१ टक्के जास्त ताप.

काम लवकर संपत असल्याने विजेच्या बिलावर याचा बोजा फारसा पडत नाही. तीच चित्रफीत करण्यास सुमारे १७ टक्के अधिक वीज लागते, आणि महिन्याचा हिशेब दोन-तीन युनिटांच्या आत राहतो. खरा प्रश्न ही उष्णता बाहेर कशी टाकायची हा आहे. या प्रोसेसरसोबत कंपनी कूलर देत नाही. त्याला चांगला टॉवर कूलर लागतो आणि त्यासाठी दोन-तीन हजार रुपये बाजूला ठेवावे लागतात. पंधराशे रुपयांच्या सामान्य पॉवर सप्लायवर हा प्रयोग करू नये. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा असावा. यंत्र यू.पी.एस.वर असेल तर वाढलेला भार तो पेलतो की नाही, हेही पाहून घ्यावे.

जास्त व्होल्टेजचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ साली वापरता वापरता अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्यामुळे कालांतराने त्याला स्थिर राहण्यासाठीच अधिक व्होल्टेज लागू लागत असे. इंटेलला ऑगस्ट २०२४ पासून सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्याआधी २०२३ मध्ये ए.एम.डी.च्या रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डावरच जळाले, तेव्हा एका विशिष्ट व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालण्यात आली. मालकाने हात न लावता हे घडू शकते, तर बेफिकीर हातांनी काय होईल याची कल्पना करावी. शिवाय मर्यादेबाहेर चालवून बिघडलेल्या प्रोसेसरची हमी कंपनी सहसा मानत नाही.

न थांबता चुकणारे यंत्र

पुष्कळांची समजूत अशी असते की, गती जास्त झाली तर यंत्र बंद पडेल, निळा पडदा येईल, आणि तसे झाले नाही म्हणजे सर्व ठीक आहे. ही समजूत धोक्याची आहे. बंद पडणारे यंत्र निदान आपली चूक कबूल करते. अधिक नुकसान करणारे यंत्र ते, जे न थांबता चुकीचे उत्तर देते.

१९९४ साली अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या पेंटियम संगणकाच्या भागाकारात सूक्ष्म चूक आढळली. यंत्र सुरळीत चालत होते, पडद्यावर काही तक्रार नव्हती, फक्त काही विशिष्ट भागाकारांची उत्तरे चुकत होती. तो दोष रचनेतील होता, ओव्हरक्लॉकिंगचा नव्हता. पण संगणक मुकाट्याने चुकू शकतो, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवून दिले. इंटेलला ते प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलरचा बोजा उचलावा लागला.

आपल्या दुकानात अशी चूक कोणत्या रूपाने येईल? चित्रफितीत मध्येच चौकटी फुटतील. झिप फाइल उघडणार नाही. तीन महिन्यांपूर्वीचा अल्बम गिऱ्हाइकाने मागितला आणि त्यातील काही छायाचित्रे अर्धी करडी निघाली. निकाहाचा प्रसंग पुन्हा घडवून चित्रित करता येत नाही. गिऱ्हाइकाने दिलेली सामग्री ही आपल्याकडील अमानत आहे आणि जी यंत्रे तपासलेली नाहीत त्यांच्या हवाली ती करणे योग्य नाही.

पूर्वतयारी

प्रथम सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क यंत्रापासून वेगळी ठेवावी. कपाटातील धूळ काढावी, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. बायोसची नवी आवृत्ती असल्यास ती टाकावी आणि मूळ सेटिंगची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत.

त्यानंतर बायोस मूळ स्थितीत आणावे. येथे एक मेख आहे. अनेक मदरबोर्ड मल्टिकोअर एनहान्समेंट नावाच्या सोयीने सर्व कोअर आपोआप ४.६ वर चालवितात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. ती सोय बंद करावी. एक्स.एम.पी. हीदेखील रॅमची ओव्हरक्लॉकिंगच आहे. या प्रोसेसरसाठी रॅमची अधिकृत गती २६६६ आहे. तेव्हा प्रथम एक्स.एम.पी. बंद ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास ती प्रोसेसरची की रॅमची, असा घोळ होणार नाही.

आता काहीही न बदलता यंत्राची परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवून रॅमच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. एकही चूक निघाली तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडून आधी रॅम बदलावी. मग एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामवर तपमान, व्होल्टेज आणि गती पाहत सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटे चालवावी. मिळालेले गुण, कमाल तपमान आणि खोलीचे तपमान वहीत लिहावे. ही नोंद नसेल तर पुढे नेमके किती मिळविले, हे सांगता येणार नाही.

पायरी पायरीने

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. व्होल्टेज हाताने १.२० वर ठेवावे, सर्व कोअरचा गुणक ४५ करावा, विंडोज सुरू करून सिनेबेंच दहा मिनिटे चालवावी. पार पडली तर ४६, मग ४७, मग ४८. एखाद्या पायरीवर यंत्र थांबले, चाचणी मध्येच बंद झाली किंवा विंडोज सुरूच झाले नाही तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवून तीच पायरी पुन्हा पाहावी. या प्रोसेसरचे पुष्कळ नग १.२५ ते १.३० व्होल्टच्या आसपास ४.८ वर स्थिर राहतात. पण शेजाऱ्याच्या नगाचा आकडा आपल्या नगास लावू नये.

व्होल्टेज 'ऑटो'वर कधीही ठेवू नये, कारण मदरबोर्ड आपल्या सोयीने वाजवीपेक्षा जास्त देतो. कामावर चालणाऱ्या यंत्रासाठी १.३५ व्होल्ट ही शेवटची रेघ मानावी, असे आमचे मत आहे. भार आला की व्होल्टेज किंचित घसरते. ती घसरण भरून काढणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचे सेटिंग असते. ते मधल्या पातळीवर ठेवावे, कारण सर्वांत वरच्या पातळीवर भार उतरताच व्होल्टेज उसळी मारते. काम नसताना गती आणि वीज कमी करणाऱ्या सोयी चालूच ठेवाव्यात. ठरविलेली गती भाराखाली आपोआप खाली येत असेल, तर बायोसमधील विजेची मर्यादा आड येत आहे का, ते पाहावे.

या प्रोसेसरचे कमाल तपमान १०० अंश आहे. तेथे पोहोचताच तो स्वतःला वाचविण्यासाठी गती कमी करतो. आपण चाचणीत ८५ अंशांपुढे जाऊ नये. तीन वेळा व्होल्टेज वाढवूनही पायरी स्थिर होत नसेल किंवा ८५ ची रेघ ओलांडली जात असेल, तर त्या नगाची मर्यादा आली असे समजून एक पायरी खाली यावे. बायोसमध्ये चुकून असे काही झाले की पडदाच उजळेना, तर घाबरू नये. वीज पूर्ण काढून मदरबोर्डावरील सीमॉसची जंपर पुस्तिकेप्रमाणे जोडावी किंवा गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. सेटिंग मूळ स्थितीत येते.

स्थिरतेची कसोटी

आता दोन दिवसांचे काम सुरू होते. सिनेबेंच पार पडली म्हणजे एवढेच समजले की वरवर सर्व ठीक दिसते.

पहिली कसोटी प्राइम९५ या प्रोग्रामची. फार मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या एका जागतिक मोहिमेसाठी तो तयार झाला. मोहीम १९९६ साली सुरू झाली. या गणितात एक चूक झाली तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते, म्हणून प्रोग्राम आपले उत्तर सतत पडताळून पाहतो. नेमकी हीच सवय आपल्या कामी येते. २०१६ साली इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधील एक दोषही याच प्रोग्राममुळे उघडकीस आला होता. त्यातील 'स्मॉल एफएफटी' चाचणी प्रोसेसर सर्वांत जास्त तापविते. ती आधी ए.व्ही.एक्स. सूचना बंद ठेवून एक तास, मग त्या चालू ठेवून एक तास चालवावी. पहिली काही मिनिटे तपमानावरून नजर हटवू नये. चित्रफितीची सॉफ्टवेअरे या ए.व्ही.एक्स. सूचना वापरतात, म्हणून दुसरी चाचणी टाळू नये. त्यात तपमान हाताबाहेर गेले तर बायोसमध्ये ए.व्ही.एक्स. ऑफसेट १ किंवा २ ठेवावा. मग अशा कामाच्या वेळी गती तेवढी खाली येते.

यानंतर 'ब्लेंड' चाचणी रात्रभर लावावी. ती रॅमसह सर्वांची परीक्षा घेते. सकाळी केवळ पडदा चालू आहे, यावर समाधान मानू नये. सहा कोअरसाठी सहा खिडक्या असतात. त्यातील एक राउंडिंगची चूक दाखवून थांबलेली असते आणि उरलेल्या पाच मजेत चालू असतात, असे पुष्कळदा घडते. सहातील एक चुकला म्हणजे यंत्र नापास.

दुसरी कसोटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरची. तेथील सिस्टिमच्या नोंदींत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाची एखादी नोंद आहे का, ते शोधावे. प्रोसेसरने चूक केली आणि ती कशीबशी सुधारून घेतली, असा तिचा अर्थ असतो. वापरणाऱ्यास काहीच जाणवलेले नसते. परंतु आज सुधारलेली चूक उद्या सुधारेलच असे नाही. अशा नोंदी दिसल्या तर एक पायरी खाली यावे.

तिसरी कसोटी रोजच्या कामाची. वीस-पंचवीस जीबीच्या छायाचित्रांचे फोल्डर सेव्हन-झिपने आवळावे आणि त्यातीलच 'टेस्ट' ही आज्ञा द्यावी. प्रत्येक फाइलचा पडताळा-आकडा ती तपासते. हे चार-पाच वेळा करावे. नेहमीची एक लांब चित्रफीत तयार करून ती पूर्ण पाहावी.

चौथी कसोटी विश्रांतीची. काही यंत्रे भाराखाली टिकतात, पण मोकळी असताना, व्होल्टेज खाली आले की थांबतात. यंत्र तासभर नुसते चालू ठेवावे, झोपवून पुन्हा उठवावे, रात्रभर पूर्ण बंद ठेवून सकाळी गार स्थितीत सुरू करावे.

सर्व कसोट्या ४.८ वर पार पडल्या तर व्होल्टेज तेच ठेवून कायमसाठी ४.७ वर यावे, असा आमचा सल्ला आहे. शंभर मेगाहर्ट्झ सोडले तर तासाच्या कामात एक-दीड मिनिट जाते. त्या बदल्यात जुनेपणासाठी आणि उन्हाळ्यासाठी थोडी जागा राहते. यानंतर एक्स.एम.पी. चालू करावयाची असल्यास ती करून मेमटेस्ट८६ आणि ब्लेंड पुन्हा चालवावी.

ऋतूचा विचार

प्रोसेसरचे तपमान खोलीच्या तपमानावर रचलेले असते. जानेवारीत खोली २५ अंश आणि भाराखाली प्रोसेसर ७५ असेल तर तो खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. मे महिन्यात विदर्भात किंवा खानदेशात पत्र्याच्या गाळ्यात ४० अंश असताना तोच प्रोसेसर ९० च्या घरात जाईल. म्हणून थंडीत केलेली तपासणी एप्रिलमध्ये पुन्हा करावी. कोकणात व मुंबईत दमट हवेत धूळ हीट सिंकला चिकटून बसते. दर दोन-तीन महिन्यांनी ती साफ करावी.

नवे प्रोसेसर आणि उलटा मार्ग

अलीकडच्या प्रोसेसरमध्ये कंपनीच कुवतीचा बहुतेक भाग वापरून टाकते. त्यामुळे हाताने गती वाढविण्यात पूर्वीसारखा लाभ उरलेला नाही. रायझेनच्या अलीकडील पिढ्यांत 'कर्व्ह ऑप्टिमायझर' ही सोय आहे. ती त्याच गतीसाठी व्होल्टेज कमी करते. उष्णता घटते आणि वाचलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच जरा वर चढतो. आमच्या आय५-९६००केच्या उदाहरणातही गुणक न वाढवता फक्त व्होल्टेज कमी करून पाहता येते. यंत्र थंड आणि शांत होते. दाटीवाटीच्या गाळ्यात, एकाच पंख्याखाली दिवसभर चालणाऱ्या यंत्रासाठी हा उलटा मार्ग अधिक किफायतीचा ठरावा. कसोट्या मात्र याही मार्गात सर्व घ्याव्या लागतात, कारण कमी व्होल्टेजही चुका करविते.

विकताना काय करावे?

जुनी यंत्रे जुळवून विकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी चार शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. धान्याच्या जागी प्रोसेसर आला म्हणून नियम बदलत नाही.

ओव्हरक्लॉक केलेले यंत्र विकावयाचे असेल तर ते मूळ गतीवर आणून, त्या गतीवर सर्व कसोट्या पुन्हा घेऊन विकावे. प्रोसेसर किती काळ, कोणत्या व्होल्टेजवर वाढीव गतीने चालला, हे गिऱ्हाइकास सांगावे आणि पावतीवर लिहावे. गिऱ्हाइकानेच वाढीव गती मागितली तर मूळ आकडा आणि वाढविलेला आकडा दोन्ही लिहावेत, चाचण्यांची नोंद जोडावी आणि हमीचे काय होते ते समजावून सांगावे. 'हा ४.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे' असे म्हणणे खरे नाही. 'हा ४.८ वर चालविलेला प्रोसेसर आहे' हे खरे आहे. या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच मालातील ऐब सांगणे आणि लपविणे यांतील अंतर. विकत घेणाऱ्यानेही संकोच न करता बायोस उघडून दाखविण्यास सांगावे आणि दुकानातच अर्धा तास प्राइम९५ चालवून पाहावे. खरा व्यापारी यास नकार देणार नाही.

स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जोखमीवर, हिशेब मांडून आणि पूर्ण तपासून गती वाढविण्यात गैर काही नाही. ज्यांना दोन दिवस देता येत नाहीत, त्यांनी मूळ गतीवरच काम करावे. तासाचे काम ५४ मिनिटांत झाले नाही तरी ते बरोबर होईल, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते बरोबर झालेल्या कामाचे.